अंगणातला महाराष्ट्र

कोळवण खोऱ्यात पोरांना दिशा शिकवाव्या लागत नाहीत. मावळतीला हाडशीचा डोंगर, पाणी तिकडून येतं. उगवतीला खाली पौड आणि पौडाच्या खाली पुणे, पाणी तिकडे जातं. डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला तिकोन्याचं टोक. तीच उत्तर. साळूबाईला कुणी उत्तर विचारली तर ती बोटही दाखवायची नाही, नुसती हनुवटी उचलायची.

चौथीपर्यंत ती शिकली होती. पंधराव्या वर्षी लग्न झालं, रिहे खोऱ्यात, मधला डोंगर ओलांडून. १९५७ च्या दिवाळीला ती माहेरी परत आली तेव्हा कडेवर तीन वर्षांची तुळजा होती आणि डावं मनगट वाकडं होऊन बसलं होतं. नवऱ्याने, कुशाबाने, ते जात्याच्या खुंट्याने मोडलं होतं आणि हाडवैद्याकडे न्यायला सहा दिवस लावले होते. पुढच्या वैशाखात त्याने दुसरी केली. थोरला भाऊ कोंडाजी याने बहिणीला घरात घेतलं, पण त्याचीही चार पोरं होती आणि भात आठ महिने पुरायचा. हे त्याने लपवलं नाही.

शिकायचं खूळ तिच्या डोक्यात घातलं बाबालाल गुरुजींनी. हे पौडच्या बाजारातल्या बांगडीवाल्यांच्या घरातले, कोळवणच्या शाळेवर सातवीचा वर्ग शिकवायचे. साळूबाई शाळेच्या ओट्यावर शेण सारवायला यायची. एकदा सारवता सारवता ती वर्गातल्या पोरांच्या आधी उत्तर देऊन मोकळी झाली. ग्रामपंचायतीची कामं कोणती, असा प्रश्न होता.

"दिवाबत्ती, पानी, रस्तं, जन्ममृत्यूची नोंद," ती खाली मान घालूनच म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?" गुरुजींनी विचारलं.

"रोज ह्याच येळंला सारवते न्हवं मी? तुमी रोज त्येच इचारताय."

पोरं हसली, गुरुजीही हसले. पण घरी जाताना ते कोंडाजीच्या खळ्यावर थांबले. सातवीची परीक्षा, जिला सगळे अजून 'फायनल' म्हणत, ती बाहेरून देता येते. पास झालेल्या बाईला पुण्यात मास्तरकीच्या ट्रेनिंगला घेतात, राहण्याजेवणाची सोय होते, लहान पोर असलं तरी चालतं. बायका मास्तरणी सरकारला हव्यातच. एवढं त्यांनी सांगितलं.

कोंडाजीने बराच वेळ तंबाखू मळली. "दोन खेपा बस," तो बहिणीला म्हणाला. "तिसरी न्हाई. दोनदा नापास झालीस तर गुमान सासरी जायाचं. कुशाबाचा बाप दोनदा यिऊन गेलाय. त्यास्नी लावनीला मानूस पायजे."

पहिली खेप एप्रिल १९६० मध्ये झाली. साळूबाई गणितात नापास झाली. दुसरी खेप शेवटची होती, आणि ती फक्त भावाच्या बोलण्यामुळे नव्हे. ट्रेनिंगच्या अर्जावर वयाची अट होती, एक जूनला पंचविसाच्या वर नसावं. साळूबाई नेमकी कधी जन्मली ते कुणालाच माहीत नव्हतं. पण चौथीच्या गुरुजींनी तिचा जन्म एक जून १९३६ असा लिहिला होता. त्या खोऱ्यातली निम्मी माणसं शाळेच्या दप्तरात एक जूनलाच जन्मलेली आहेत. म्हणजे १९६१ चा जून गाठला तर ती आत होती, त्यानंतर बाहेर.

पहिली खेप आणि दुसरी खेप यांच्या मध्ये महाराष्ट्र झाला.

शाळेच्या भिंतीवरचा नकाशा जुन्या मुंबई राज्याचा होता, कच्छ-सौराष्ट्रासकट. बाबालाल गुरुजींनी तो गुंडाळून आढ्यावर टाकला आणि नवीन मागवला. नवीन काही आला नाही. भूगोलाच्या पुस्तकातही जुनंच राज्य छापलेलं. पोरांचा गोंधळ नको म्हणून गुरुजींनी त्या पानांवर कोरा कागद चिकटवायला लावला. मग त्यांनी स्वतः शाळेच्या अंगणात चुन्याने नवा महाराष्ट्र आखला. दुपारी काठीची सावली बघून दिशा धरली, म्हणजे उत्तर खरोखर उत्तरेला, तिकोन्याकडे. काळ्या धोंड्यांचा सह्याद्री, राखेच्या नद्या, शहरांना शिंपल्या. तालुक्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी त्या नकाशाची तारीफ केली. गुरुजी ती गोष्ट पुढे वर्षभर सांगत.

साळूबाई शाळा सुटल्यावर यायची. रस्ता उगवतीच्या अंगाला, त्यामुळे ती नकाशात चांद्याकडून, म्हणजे आजच्या चंद्रपुराकडून, शिरायची. समोर लांब, डोंगराच्या बाजूला, सह्याद्रीचे धोंडे आणि त्यांच्या पलीकडे कोकणची पट्टी. गुरुजी ओट्यावर बसून हुकूम सोडायचे.

"पुण्यात उभी राहा. आता सोलापूर."

ती चार पावलं मागे, थोडी डावीकडे यायची.

"नागपूरला जा."

ती लुगड्याचा काष्टा सावरत उजव्या कोपऱ्यात धावायची. एकदाही चुकली नाही. गोदावरी उगमापासून चालत यायला सांगितलं तर नाशिकापासून पावलं टाकत नांदेडपर्यंत यायची. पोरं कुंपणावर बसून बघायची आणि म्हणायची, "साळूआत्या, मुंबईला आमच्या मामाला निरोप सांग!"

घरी सरावाला कागद नव्हता. होता तेवढा गणिताला लागायचा, कारण गेल्या वेळी तिथेच पाय अडकला होता. म्हणून तिने भावाच्या अंगणात आपला महाराष्ट्र मांडला. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजल्यावर वाफ्यात उरते त्या राखेने. ती रस्त्याकडे पाठ आणि डोंगराकडे तोंड करून बसायची, आणि वरपासून सुरुवात करायची: आधी समुद्र, मग कोकण, मग सह्याद्री. मग नद्या वरून खाली सोडायच्या, जशा त्या खोऱ्यात येतात तशा.

भावजय गोजराबाई तोंडाने तिखट होती. "आमच्या अंगनात समदं राज्य हाय, भात तेवढा न्हाई," असं ती शेजारणींना सांगायची. एका सकाळी तिने हाक मारली, "वन्सं, उठा! कोंबड्यांनी चांदा उकरला!" साळूबाई खरंच धावत आली आणि राख नीट करायला बसली. गोजराबाई उंबऱ्यावर हसत उभी राहिली, आणि हसता हसता थांबली. साळूबाई चिमूट चिमूट राख वेचून पुन्हा जागेवर ठेवत होती.

"एवढं कशाला ग जीवाला लावून घेतीस?"

"वयनी, तिकडं परत गेले तर दुसरं मनगटबी जाईल," साळूबाई म्हणाली आणि नागपूर काढायला लागली.

एप्रिल १९६१. केंद्र पौडला. मराठी झाली, गणित झालं. गणिताचा पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा पहिल्यांदाच नीट जेवली. तिसऱ्या दिवशी इतिहास-भूगोल. गुरुजींनी दाराशी तिला एकच गोष्ट सांगितली: "नकाशा आला तर घाबरू नकोस. डोळे मीट, अंगण आठव, आणि काढ."

नकाशा आला. सोळा गुणांचा. महाराष्ट्राचा नकाशा काढून त्यात सह्याद्री, गोदावरी, भीमा, मुंबई, पुणे, सोलापूर आणि नागपूर दाखवा.

तिने डोळे मिटले. मग कागदाच्या वरच्या कडेला समुद्राची रेघ ओढली. तिच्या खाली कोकण, त्याच्या खाली सह्याद्री. दोन्ही नद्या वरून खाली सोडल्या. मुंबई वर, पुणे तिच्या खाली, नागपूर खालच्या उजव्या कोपऱ्यात. उत्तर दिशेचा बाण तिने काढला नाही. अंगणातल्या नकाशावर गुरुजींनीही तो काढलेला नव्हता. जिथून तिकोना दिसतो तिथे उत्तर कुणी लिहून ठेवत नाही.

बाहेर आल्यावर गुरुजींनी एकेक उत्तर विचारलं.

"सह्याद्री काढलास?"

"काढला."

"कोकण?"

"त्याच्या पल्याड."

"नागपूर?"

"शेवटाला, कोपऱ्यात."

"शाब्बास," गुरुजी म्हणाले, आणि पौडच्या बाजारातून तिला आपल्या घरी नेलं. त्यांच्या बायकोने, आबेदाने, तिला बसवून चहा दिला आणि हातात हिरव्या बांगड्या भरल्या. वाकड्या मनगटावरून त्या चढवताना आबेदाने विचारलं, "दुखतं का ग?" साळूबाई म्हणाली, "आज न्हाई."

मेच्या शेवटी निकाल आला. मराठी एकसष्ट, गणित अठ्ठेचाळीस, इतिहास-भूगोल सत्तावीस. पस्तीस लागत होते.

गुरुजींना ते खरं वाटेना. गणितात गेली असती तर त्यांनी मान खाली घातली असती. पण भूगोल? त्यांनी तिला पाटी दिली. "नकाशा काढ. तिथे काढलास तसाच."

तिने काढला. गुरुजींनी पाटी हातात घेतली, आडवी केली, पुन्हा उभी केली. त्यानंतर ते ओट्यावर बसले. वर्षभर त्यांनी तिला नकाशावर चालताना पाहिलं होतं. तो कागदावर उतरवताना एकदाही पाहिलं नव्हतं.

"काय चुकलं, गुर्जी?"

"तुझं काही नाही चुकलं," ते म्हणाले. मग त्यांनी पाटीवर बाजूला दुसरा नकाशा काढून दाखवला. उत्तर वरच्या कडेला, समुद्र डाव्या हाताला, नद्या डावीकडून उजवीकडे.

साळूबाईने तो निरखून पाहिला. "पानी असं आडवं कसं जाईल?" तिने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

अर्जाची मुदत पंधरा जून होती. बहिणीला लगेच सासरी धाडायला कोंडाजीने रोहिणीच्या पेरणीचं कारण पुढे केलं, पण गुरुजींनी त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले. दोन जूनला दोघं पौडाहून एसटीने पुण्याला गेली. परीक्षेच्या कचेरीत फेरतपासणीची खिडकी होती. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं की फेरतपासणी म्हणजे बेरीज पुन्हा करतात, पेपर पुन्हा वाचत नाहीत. गुरुजी दोन तास तिथून हलले नाहीत. शेवटी आतल्या साहेबांनीच त्यांना बोलावून घेतलं, पेपर काढायला लावला आणि टेबलावर ठेवला. नकाशावर लाल पेन्सिलीने तिरकी रेघ होती आणि शून्य.

गुरुजींनी हात लांब करून कागद पाव फेरा फिरवला.

साहेब वाकले. चष्मा वर केला. एकेक ठिकाण त्यांनी बोटाने तपासलं आणि हळूच म्हणाले, "अरे. बरोबर आहे की."

साळूबाई दाराशी उभी होती, ती दोन पावलं आत आली.

"उत्तर दिशा दाखवली असती तर परीक्षकाला कळलं असतं," साहेब म्हणाले. "बाण का नाही काढलात?"

"साहेब, चूक माझी आहे," गुरुजी म्हणाले. "मीच कधी काढून घेतला नाही. जमिनीवर त्याची गरज पडली नाही."

"तसं असेल, पण गुण तुमच्या नावावर नाहीत, त्यांच्या नावावर आहेत."

साळूबाईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "साहेब, कागूद फिरवला की बरोबर हुतंय न्हवं?"

"होतंय."

"मंग फिरवलेलाच समजा."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. "बाई, परीक्षकाने कागद फिरवून बघावा असा नियम नाही. मी आज तुम्हाला सोळा दिले, तर बाहेर व्हरांड्यात जे उभे आहेत त्यांना काय सांगू? प्रत्येकाचं काही ना काही कारण असतं."

"त्यांचं मला म्हाईत न्हाई. माझं ऐका. हितं जिमिनीवर नकाशा टाका. इचारा मला. एक ठिकान चुकलं तर मी आपली जाते."

"मी मानतो की तुम्हाला येतं."

"मानू नगा, इचारा!" तिचा आवाज चढला, तसा बाहेरचा शिपाई आत डोकावला. "साहेब, सासरी जावं लागंल वो. ह्ये मनगट बघा. आठ गुन कमी हायेत. आठ!"

साहेबांनी मनगट पाहिलं. नियम वाईट होता असं नाही आणि माणूसही वाईट नव्हता. त्यांनी पेपर घडी करून पुन्हा पाकिटात घातला. "पुढच्या वर्षी बसा," ते म्हणाले. "नक्की पास व्हाल."

परतीच्या एसटीत गुरुजी बोलत राहिले, कारण गप्प बसणं त्यांना जमेना. परीक्षेला वयाची अट नाही, फक्त ट्रेनिंगला आहे. पुढच्या वर्षी जिल्हा परिषदा येणार म्हणतात, मग खेड्यांवर बिनट्रेनिंगच्या बायकाही घेतील, असं बाजारात ऐकलंय. फॉर्म मी भरतो. तू फक्त तीन दिवस ये.

साळूबाई खिडकीबाहेर बघत होती. "तीन दिस," ती म्हणाली. "सासरी मला पान्याला जायाचं म्हनलं तरी इचारावं लागतंय, गुर्जी."

कोंडाजीने आणखी आठ दिवस दिले नाहीत. तो दुष्ट नव्हता. त्याने बोलणं केलं होतं आणि दोन खेपा झाल्या होत्या. कुशाबाचा बाप न्यायला आला तेव्हा कोंडाजीने चार माणसांसमोर त्याच्याकडून वदवून घेतलं की साळूबाईवर हात उचलायचा नाही, आणि पुढच्या चैत्रात तिला तीन दिवस परीक्षेला सोडायचं. म्हाताऱ्याने दोन्ही गोष्टींना मान डोलावली. "सोडू की," तो म्हणाला. "कलेक्टर हुनार म्हना की आमची सून!" माणसं हसली. तुळजा आईचा पदर धरून डोंगर चढू लागली. कोळवणला ती पहिली पास झाली होती. रिह्याच्या त्या वाडीत शाळा नव्हती.

वर्षभरात गुरुजींना तिच्याबद्दल तीन बातम्या कळल्या. तिन्ही बाजारच्या माणसांकडून आणि तिन्ही तुटक. लावणीला ती दोघींचं काम एकटी करते. सवतीला मुलगा झाला. दसऱ्याच्या सुमारास तिच्या डोक्याला फडकं बांधलेलं कुणी पाहिलं. गुरुजींनी फॉर्म भरला. तिने सही केली नव्हती म्हणून तो घेऊन ते स्वतः खिंड चढून गेले. तिच्या सासऱ्याने त्यांना अंगणातच बसवलं, पाणी दिलं आणि सही होऊ दिली.

एप्रिल १९६२ मध्ये केंद्र पुन्हा पौडलाच होतं. पहिल्या दिवशी मराठीच्या पेपरला बाबालाल गुरुजी तिचं प्रवेशपत्र हातात घेऊन शाळेच्या फाटकात उभे राहिले. घंटा झाली. साळूबाई आली नाही. दुसऱ्या दिवशी गणित. आली नाही. त्या संध्याकाळी गुरुजींनी आबेदाला सांगितलं की उद्या मी जाणार नाही. सकाळी मात्र ते गेलेच.

पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाल्यावर ती रस्त्याने पळत आली. पायात काही नव्हतं. लुगडं गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं, हात कोपरापर्यंत राबाच्या राखेने काळे. तिने प्रवेशपत्र घेतलं.

"साळूबाई," गुरुजी म्हणाले. हे सांगणं त्यांना भाग होतं. "दोन पेपर गेले. आता हा देऊन पास होता येत नाही."

"ठावं हाय मला." तिला धाप लागली होती. "आज समदी वरच्या वाफ्यात राब भाजाया गेली, तवा सुटता आलं."

"मग कशाला आलीस एवढं?"

तिने हौदावर हात धुतले. राख पुरती निघाली नाही. ती आत जाऊन बसली. पर्यवेक्षकाने घड्याळाकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि पेपर दिला. शेवटच्या घंटेपर्यंत ती लिहीत होती.

बाहेर आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गुरुजींनी घरी चल म्हटलं, आबेदाने भाकरी ठेवली आहे म्हटलं. ती नको म्हणाली. वाफे विझायच्या आत तिला पोचायला हवं होतं. 

"तुळजाला धाडली तर घरात ठिवाल का?" तिने जाता जाता विचारलं. "आबेदाभाबींच्या हाताखाली. शाळंला जाईल."

"लोक बोलतील," गुरुजी म्हणाले. "तुमच्यातले आणि आमच्यातलेही."

"बोलू द्या."

"ठेवीन."

"तिचा बाप सोडतोय का बगते," ती म्हणाली आणि खिंडीच्या वाटेला लागली.

मेमध्ये निकाल आला. इतिहास-भूगोल अठ्ठावन्न. मराठी आणि गणित या रकान्यांत गैरहजर, आणि खाली, अनुत्तीर्ण. गुरुजींनी निकालपत्र निरोपासोबत रिह्याला पाठवलं. पोचल्याचा निरोप आला नाही. जून उजाडला. पौडच्या शाळेत नवीन नावं घालायला सुरुवात झाली, पण तुळजा आली नाही. महिनाअखेर आबेदाने पोरीसाठी शिवून ठेवलेलं परकर-पोलकं शेजारणीच्या मुलीला देऊन टाकलं.